आधी उत्तर, मग निरीक्षण

औशातल्या कुठल्याही शाळेच्या पालकसभेत प्रयोगांचा विषय काढून पाहावा. थोड्याच वेळात एखादे पालक उठतात आणि म्हणतात, "सर, प्रयोग-बियोग होत राहतील नंतर. नीटला प्रॅक्टिकलचा एक मार्क नाही. लेकराचा वेळ कशाला घालवायचा?" बाकीचे माना डोलावतात. मुख्याध्यापक गप्प राहतात, कारण पट घसरला तर तुकडी जाते आणि तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. विषय तिथेच संपतो.

हा विषय असा संपू नये म्हणून मी लिहितो आहे. त्या पालकांचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. पण ते अडाणीपणातून आलेलं नाही. लातूर इथून वीस किलोमीटरवर आहे. पाण्याची कायम ओढ असलेल्या या जिल्ह्यानं शेतकऱ्याच्या, शिपायाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर केलं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर पुण्या-मुंबईचा हक्क आहे हा समज 'लातूर पॅटर्न'नं मोडला. त्यामागे शिक्षकांचे कष्ट होते, चाचण्यांवर चाचण्या होत्या, सुट्टीतही भरणारे वर्ग होते. ते यश खरं आहे आणि ज्या घरात पहिला डॉक्टर झाला त्या घराला त्याची किंमत विचारावी. अशा घरातला माणूस "मार्क सोडून दुसरं काही बोलू नका" असं म्हणतो तेव्हा त्याला हसणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

माझं भांडण वेगळं आहे. या यशाच्या नावाखाली विज्ञानाचा जो भाग आम्ही कापून टाकला तो शोभेचा नव्हता. एखादी गोष्ट खरी आहे की खोटी हे स्वतः तपासून पाहण्याचा अधिकार मुलाला तिथे मिळत होता. तोच गेला.

आता मार्कांचंच बोलू. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाला ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. बारावीला ७० आणि ३०. म्हणजे मार्क आहेत. मग पालकांना ते नाहीत असं का वाटतं? कारण ते सगळ्यांना मिळतात. वीसपैकी अठरा-एकोणीस हा जणू ठरलेला भाव आहे. वर्षभर प्रयोगशाळेचं कुलूप निघालं नसलं तरी जानेवारीत जर्नल पूर्ण असतं. मागच्या वर्षीच्या ताईचं किंवा दादाचं जर्नल समोर ठेवायचं, आकृत्या गिरवायच्या, निरीक्षणांचे तक्ते उतरवायचे. हे घरोघर चालतं, आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत चालतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं की गुरुत्वत्वरण ९८० यायला पाहिजे. मग काय होतं? वहीत आधी ९८० लिहिलं जातं. तिथून उलटं गणित करून वेळ काढली जाते, ती वेळ तक्त्यात भरली जाते, आणि संशय येऊ नये म्हणून एका ओळीत थोडी कमी, दुसऱ्या ओळीत थोडी जास्त केली जाते. आधी उत्तर, मग निरीक्षण. मुलगा हुशार असला तर ही बनावट सफाईनं होते आणि त्याला जास्त मार्क मिळतात.

आता तोच प्रयोग खरोखर केला तर काय घडतं ते पाहा. शंभर सेंटिमीटर लांबीचा दोरा, खाली गोळा, वीस आंदोलनांना साधारण चाळीस सेकंद लागायला हवेत. जवळजवळ प्रत्येक वर्गात काही मुलं गोळा सोडतानाच "एक" म्हणतात. त्यांची वीस आंदोलनं खरं तर एकोणीसच असतात. वेळ अडतीस सेकंद येते आणि उत्तर १०९४ निघतं. मुलगा घाबरतो. शेजारच्या गटाचं ९७५ आलेलं असतं. तो पुन्हा मोजतो, पुन्हा १०८० च्या घरात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मोजणी शून्यापासून सुरू करायची असते. हे ज्याला एकदा स्वतःच्या चुकीतून सापडलं त्याला सुरुवात कुठून धरायची हा प्रश्न पुढे आयुष्यभर पडत राहतो, मग तो व्याजाचे महिने मोजत असो की गरोदरपणाचे आठवडे. जर्नल उतरवणाऱ्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला एवढंच कळतं की वरच्यांना जो आकडा हवा आहे तो देऊन टाकायचा.

ही शिकवण आपण विज्ञानाच्या तासाला देतो, याचा मला राग येतो. आणि हीच मुलं पुढे मोठी होऊन पंचनामे लिहितात, पाऊस नोंदवतात, पीक कापणी प्रयोगाचे आकडे भरतात. ज्या शेतकऱ्याचा पीकविमा त्या आकड्यावर ठरतो तो जेव्हा म्हणतो की "घरी बसून भरलं", तेव्हा मला ते जर्नल आठवतं.

नीटचं म्हणाल तर, २०२४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. व्हर्निअर, स्क्रू गेज, लंबक सगळं त्यात येतं. रसायनशास्त्रातही प्रात्यक्षिकावरचं प्रकरण आहे. म्हणजे ज्या परीक्षेचं नाव सांगून प्रयोगशाळेला कुलूप लावलं, तीच परीक्षा आता प्रयोगावर प्रश्न विचारते. त्यावर क्लासचं उत्तर तयार आहे: व्हर्निअर हातात न घेता त्याचे पन्नास प्रश्न सोडवून घ्यायचे. मार्क येतीलही. म्हणून या मुद्द्यावर मी फार विसंबत नाही. प्रयोगानं नीटचे मार्क वाढतात हे सिद्ध करून प्रयोगाला परवानगी मागायची, ही भाषाच मला मान्य नाही.

कारण जे निवडले जातात त्यांच्यापेक्षा जे निवडले जात नाहीत ते कितीतरी जास्त आहेत. २०२४ मध्ये नीटला देशभरात २३ लाखांहून अधिक मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाख दहा हजारांच्या आसपास होत्या. औसा तालुक्यातून दरवर्षी जी मुलं विज्ञान शाखेला जातात त्यांच्यातली बहुसंख्य परत येणार आहेत, शेतीत, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, आशा ताई म्हणून, तलाठी म्हणून, आई-बाप म्हणून. यांच्यासाठी आपण विज्ञान कोणतं शिकवलं? चार पर्यायांतून एक निवडायचं. जून महिन्यात बियाण्याच्या दुकानात उभं राहिल्यावर हे उपयोगी पडत नाही.

बियाण्याचीच गोष्ट सांगतो. आपल्याकडे खरिपात सोयाबीन हे मुख्य पीक. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की पेरणीआधी उगवण क्षमता तपासा. कृती सोपी आहे. ओलं गोणपाट घ्यायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि पाच-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर नेहमीच्या मात्रेनं पेरायचं, कमी आले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर ते पोतं बाजूला ठेवायचं.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पेरणीही त्याच सुमारास. आठवीच्या वर्गात चाळीस मुलं असतील तर प्रत्येकानं घरच्या बियाण्यातले शंभर दाणे आणावेत. एका आठवड्यात चाळीस घरांना खरी माहिती मिळते. पण मला त्याहून पुढच्या क्षणात रस आहे. एकाच पोत्यातले दाणे तीन भावंडांनी आणले, एकाचे ६८ उगवले, दुसऱ्याचे ७४, तिसऱ्याचे ७१. मग पोत्याची खरी उगवण किती? हा प्रश्न विचारला गेला की नमुना म्हणजे काय, शंभराऐवजी दहाच दाणे घेतले असते तर काय झालं असतं, वरवरचेच दाणे घेतले तर काय चुकतं, हे सगळं समोर येतं. संख्याशास्त्राचा पाया इथे आठवीतल्या मुलाच्या हातात पडतो. महिनाभरानं उगवलेली चार रोपं मुळांसकट उपटावी, मुळांवरच्या गाठी नखानं फोडाव्या. आतून गुलाबी निघाल्या तर त्या हवेतला नत्र बांधायचं काम करत आहेत, पांढऱ्या-हिरवट निघाल्या तर नाहीत. सहजीवनावरचा परिच्छेद पाठ करून बापाला काही सांगता येत नाही. गुलाबी गाठ दाखवता येते.

पावसाचंही तसंच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. मंडळाचं पर्जन्यमापक एका गावात असतं आणि ढग दुसऱ्या गावावर फुटतो. शाळेच्या गच्चीवर सरळ बाजूंचा कुठलाही डबा ठेवला तरी पाऊस मोजता येतो, डबा रुंद असो की अरुंद, पाण्याची उंची तीच भरते. मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून दोन वेगळे डबे शेजारी ठेवावेत. एका गावच्या शाळेची चार वर्षांची नोंदवही म्हणजे कायदेशीर पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या गावात ती आहे ते गाव तहसीलमध्ये "लई पडला साहेब" एवढंच म्हणणार नाही.

आणि किल्लारी. किल्लारी आपल्याच तालुक्यात आहे, आणि तरीही आपल्या शाळांत भूकंप हा गाळलेल्या जागा भरण्यापुरता येतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, जवळपास दहा हजार माणसं गेली. तोवर देशाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्याआधी वर्षभर, १९९२ मध्ये, किल्लारीला छोटे धक्के जाणवत होते. त्यावरून भूकंप ओळखता आला असता असं मी म्हणत नाही, ते आजही कुणाला जमत नाही. पण माणसांना मारलं ते मुख्यतः घरांनी. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, वर माळवदाचा मातीचा भार, आणि भिंतीच्या आतल्या नि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारा आरपार दगड नाही. हादरे बसले तसे दोन्ही थर सुटून फुगले आणि वरचं माळवद खाली आलं.

हे मुलांना दाखवायला काय लागतं? एक पत्रा, त्याखाली गोट्या, वर चिखल आणि खडे वापरून केलेल्या वीतभर उंचीच्या दोन भिंती. एकीत लांब खडे आडवे आरपार घालायचे, दुसरीत नाही. दोन्हींवर सारखं वजन ठेवून पत्रा हलवायचा. कोणती आधी पडते, कशी पडते, आडवी हलवल्यावर आणि उभी हलवल्यावर फरक काय, हे मुलं दहा वेळा करून पाहतील. किल्लारीच्या परिसरात आजही लोक खोल्या वाढवतात, भिंती चढवतात. ज्या मुलीनं ही भिंत स्वतः पाडून पाहिली आहे ती गवंड्याला प्रश्न विचारेल. या तालुक्यात तरी हा प्रयोग "वेळ मिळाला तर" या खात्यात जाऊ नये, असं मला फार तळमळीनं वाटतं.

पुढचा आक्षेप पैशाचा. "सर, आमच्याकडे लॅब कुठे आहे?" अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, थ्री-डी प्रिंटर येतो, तो सगळ्यांना कुठून मिळणार? या आक्षेपाला इतिहासानंच उत्तर दिलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोप-आशियातल्या असंख्य शाळा बेचिराख झाल्या. तिथल्या विज्ञान शिक्षकांसाठी १९४८ मध्ये जे. पी. स्टीफनसन यांनी एक पुस्तिका लिहिली, हाताशी असेल त्या सामानातून प्रयोग कसे उभे करायचे याची. युनेस्कोनं पुढे तिचाच विस्तार करून १९५६ मध्ये विज्ञान शिक्षणाचं आपलं प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तक काढलं. साधनं नाहीत म्हणून प्रयोग नाहीत, असं त्या पडक्या शाळांनी म्हटलं नाही.

आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण होशंगाबादचं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान सुरू केलं. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला, पुढे इतर जिल्ह्यांतही पसरला. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. या कार्यक्रमाच्या नादानं टेल्कोतली नोकरी करणारा आयआयटीचा एक इंजिनिअर रजा काढून तिथे गेला आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे सांगाडे बनवू लागला. ते अरविंद गुप्ता. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी पुढे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोणी म्हणेल, होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारनं बंदच केला की. केला. पण सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून, तीस वर्षं तो चालला हे आधी मान्य करा. गरीब शाळेत प्रयोग होत नाहीत हे विधान खोडायला तीस वर्षं पुरेशी आहेत.

आणि इतकं लांब जायलाही नको. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस मुद्दाम दुष्काळी गावात आला. त्यांच्या कामातून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला आणि राज्याच्या बोर्डानं तो स्वीकारला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग करतात, रक्तगट तपासतात, माती तपासतात, गावातली कामं पैसे घेऊन करून देतात. दुष्काळ पाबळलाही आहे आणि औशालाही. फरक आपण काय ठरवलं याचा आहे.

पैशाच्या आक्षेपाला चिकटून एक उलटा रोगही आहे आणि त्याचाही मला निषेध करायचा आहे. ज्या पालकांकडे पैसे आहेत, जे मुलांना घरीच शिकवतात किंवा शाळेवर नाखूश आहेत, त्यांना दर महिन्याला खोक्यातून प्रयोग विकले जातात. सगळे भाग कापून तयार, पायऱ्या छापलेल्या, उत्तर झाकणावर. ज्या प्रयोगात चुकायची सोयच ठेवलेली नाही तो प्रयोग जर्नलचाच भाऊ आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात येणारे थर्माकोलचे ज्वालामुखी त्याच घरातले.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांकडून तो येतो आणि मी त्याला घाबरतो, म्हणजे त्याचा आदर करतो. मुलांना सामान देऊन मोकळं सोडलं की ती शिकतात, हे खरं नाही. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की नवशिक्या मुलाला मार्गदर्शन न देता 'स्वतः शोध' म्हणून सोडलं तर त्याच्यावर नुसता ताण येतो आणि हाती थोडं लागतं. हे मला पटतं. फुगा फुगला, मुलं ओरडली, तास संपला, याला मी शिकणं म्हणत नाही. पण यातून निघतं काय? शिक्षक नीट लागतो, एवढंच. प्रयोग नको, हे निघत नाही. उलट २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजमधल्या विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या जवळ आणि मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्क्यांच्या जवळ निघालं.

शिक्षक कुठे लागतो ते एका जुन्या प्रयोगावरून सांगतो. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला उपडा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. कितीतरी पुस्तकांत आणि गाईडांत याचं कारण छापलेलं आहे: ऑक्सिजन संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. वाचायला फार सुंदर. आणि चूक.

शिक्षकानं इथे दोनच गोष्टी करायच्या. पहिली, मुलांना सांगायचं की पाणी कधी चढतं ते नीट बघा. ऑक्सिजन वापरला जात असल्यामुळे चढत असेल तर ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं. तसं होत नाही, मुख्य उसळी ज्योत मंदावते आणि विझते तेव्हा येते. दुसरी, एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावायच्या, पेला तोच. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच आहे, मग पाणी तेवढंच चढायला पाहिजे. ते जास्त चढतं. का? कारण पेला ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, काही बुडबुड्यांवाटे बाहेरही जाते. ज्योत विझली की आतली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त, तर हवा जास्त तापलेली. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही, बराच शिल्लक असताना ती विझते.

एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीनं दोन जादा मेणबत्त्यांच्या खर्चात छापील उत्तर खोटं ठरवलं. प्रयोगाचा सगळा अर्थ मला इथे दिसतो. सर सांगतात म्हणून नाही, पुस्तक सांगतं म्हणून नाही. विचारायला तिसरीही जागा आहे, आणि तिथे सरपंचाची मुलगी असो की सालगड्याची, पाणी सारखंच चढतं. ज्या समाजात मुलीला "मोठ्यांना उलट बोलू नको" हे रोज ऐकावं लागतं, तिथे उद्धटपणा न करता मोठ्यांचं म्हणणं तपासण्याची एवढी सभ्य रीत दुसरी कोणती आहे?

घरचं थोडक्यात सांगतो, कारण घरी सामान भरपूर आहे. हळदीचं पाणी, त्यात लिंबू, मीठ, साबण, पापडखार एकेक घालून पाहावं. साबण आणि पापडखाराला ती लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीत चुना मिसळून होतं, हे आजीला विचारलं तर तीच सांगेल. बोअरच्या पाण्यात आणि पावसाच्या पाण्यात तेवढाच साबण घालून बाटली हलवावी, फेस कुठे धरतो ते बघावं. शेतातली काळी माती वाळवून, बारीक चाळून, एका उंच ग्लासात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल घेऊन दोन्हींत सारखी टाकावी. दुसऱ्या दिवशी पाण्यातली फुगलेली असते, रॉकेलातली नाही. इमारतीचा पाया घालताना इंजिनिअर मातीची हीच चाचणी करतात, आणि औशातल्या घरांच्या भिंतींना तडे का जातात ते इथे कळतं. रॉकेल आणि आग यांच्याजवळ मोठं माणूस बसलेलं असावं, हे सांगायला नको.

पण एक प्रयोग असा आहे की तो शाळेचा आणि घराचा दोन्हींचा आहे, आणि त्याच्यासाठी मी कुणाशीही भांडेन. मराठवाड्यातली हजारो कुटुंबं उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुलं बरोबर जातात आणि मार्चपर्यंत त्यांची शाळा म्हणजे फड. त्यांचं बुडालेलं वर्ष भरून काढायच्या योजना होत राहतात. मी एवढंच सुचवतो की २१ मार्चला वर्गातल्या मुलांनी औशात एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करावी आणि दुपारी साडेबाराच्या आगेमागे तिची सगळ्यात आखूड सावली मोजावी. ती ३३ सेंटिमीटरच्या जवळ येते. कोल्हापूरकडच्या फडावर असलेल्या वर्गमित्रानं त्याच दिवशी तशीच काठी उभी करून मोजावी. त्याची ३० च्या जवळ येते. वडिलांच्या फोनवरून आकडा कळवायचा. सावली आणि काठी यांच्या गुणोत्तरावरून आपापल्या गावाचा अक्षांश निघतो, औशाचा सव्वाअठरा अंश, कोल्हापूरचा पावणेसतराच्या आसपास. दोन्हींतला फरक दीड अंशाहून किंचित जास्त, दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर १७० किलोमीटरच्या घरात. त्यावरून पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ निघतो.

किंवा निघत नाही. सावलीची कड पुसट असते. मोजण्यात एक सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर तीस हजारांवर उतरतं नाहीतर साठ हजारांवर चढतं. मग काठी सरळ होती का, जमीन सपाट होती का, कुणाची चूक मोठी, यावर औशाचा वर्ग आणि फडावरचा मुलगा वाद घालतील. त्या दिवशी तो मुलगा गैरहजर नसतो. त्याच्याशिवाय प्रयोगच होत नाही.

राहता राहिला वेळेचा आणि शिक्षकांचा प्रश्न. शिक्षकांवर मतदार याद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंत शंभर कामं लादली आहेत, हे खरं आहे आणि त्यांच्या बाजूनं बोललंच पाहिजे. पण त्यांच्या मनातली खरी अडचण बहुतेकदा दुसरीच असते. प्रयोग फसला, पोरांनी विचारलं की असं का झालं आणि मला उत्तर आलं नाही तर? या भीतीवर प्रशिक्षणाचे वर्ग फार उपाय करत नाहीत. परीक्षा बदलली तर होईल.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांपैकी दहा गुण मुलानं स्वतः घेतलेल्या नोंदींवरच्या तोंडी प्रश्नांना ठेवावेत, आणि बारावीलाही तेच. परीक्षकानं शेजारच्या शाळेतून यावं आणि जर्नलचं कुठलंही एक पान उघडून तीन गोष्टी विचाराव्यात: ही नोंद कोणत्या दिवशी घेतली, कोणाबरोबर घेतली, आणि अपेक्षेपेक्षा उत्तर वेगळं आलं तर कशामुळे आलं असावं. उत्तर चुकल्याचा एकही गुण कापू नये. तीनही ओळींत हुबेहूब ९८० लिहिलेलं जर्नल समोर आलं तर गुण देण्याआधी मुलाच्या हातात दोरा आणि गोळा द्यावा, आणि वीस आंदोलनं मोजायला सांगावीत.